मिशन बोर्डिंग (सोलापूर)

मिशन बोर्डिंग म्हणजे ख्रिस्ती मिशनच्या मदतीवर चालणारं, बेघर, अनाथ नाहीतर घरच्यांना सांभाळणं जमेना अशा मुलग्यांचं राहायचं ठिकाण. कागदावर नावं बदलत गेली, आधी अनाथाश्रम, मग वसतिगृह, आता बालगृह, पण जुन्या माणसांच्या तोंडात शब्द एकच, बोर्डिंग. ही नोंद कुठल्या एका संस्थेची नाही, सोलापुरात आणि पुणे-सोलापूर रेल्वे लाइनवर ही पद्धत कशी रुजली त्याची आहे.

आधी एक सांगायला हवं, की यात "अनाथ" हा शब्द फार सैल वापरला जायचा. बोर्डिंगात आलेल्या पोराची आई बऱ्याचदा जिवंत असायची, खडी फोडायच्या कामावर असायची नाहीतर दुसऱ्या मुलखात जगायला गेलेली असायची, बाप पटकीत गेलेला. पैसे अनाथांच्या नावाने यायचे म्हणून पोरगा अनाथ. पुढे पैसे देणारे बदलले, कायदे बदलले, तसतशी बेघर कुणाला म्हणायचं याची व्याख्याही बदलत गेली आणि या सगळ्या इतिहासात खरं बघण्यासारखं तेच आहे.

अमेरिकन मिशनची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या प्रोटेस्टंट मिशनरी संस्थेची माणसं मुंबईत १८१३ साली आली, नगरला १८३१ मध्ये ठाणं झालं आणि सोलापुरात त्यांनी बस्तान बसवलं ते १८६० च्या दशकात, म्हणजे रेल्वे आल्यावर. सुरुवातीला काम शाळा आणि उपदेशाचं. चित्र बदललं ते दुष्काळाने. १८७६ ते ७८ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याला इतका लागला की गावंच्या गावं निजामाच्या हद्दीत निघून गेली, मग १८९६-९७, ते सावरतंय तोवर प्लेग, आणि लगेच १८९९-१९०० चा छप्पन्नचा (विक्रम संवत १९५६ चा) दुष्काळ. हा शेवटचा सगळ्यात वाईट, कारण घरात विकायला भांडंसुद्धा उरलं नव्हतं. रिलीफच्या, म्हणजे सरकारने दुष्काळात काढलेल्या कामांवर मेलेल्यांची पोरं मागे उरायची आणि ती आणून सोडायला जागा म्हणजे मिशनचं कंपाउंड. त्या काळात सोलापूरला रेव्ह. लोरिन गेट्स हे मिशनरी होते. शहरातली वोरोनोको ही मुलींची शाळा पण याच मिशनची.

पैसा कुठून यायचा हे मजेशीर आहे. न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन हेरल्ड या साप्ताहिकाने वाचकांकडून वर्गणी गोळा केली, १९०० मध्ये मका भरलेलं क्विटो नावाचं जहाज मुंबईला लागलं, आणि एका पोराचा वर्षाचा खर्च १५ डॉलर असा हिशोब वाचकांपुढे मांडला गेला. तेव्हाच्या भावाने साधारण ४५ रुपये, म्हणजे महिन्याला चार रुपयेसुद्धा नाहीत, त्यात जेवण कपडे शाळा सगळं. पोराच्या नावावर परदेशातल्या कुणीतरी पैसे पाठवायचे ही जी पद्धत पुढे शंभर वर्षं चालली तिची मुळं या असल्या हिशोबात आहेत.

याच लाइनवर दौंडला अल्बर्ट नॉर्टन यांनी दुष्काळातल्या मुलग्यांसाठी बॉइज ख्रिश्चन होम काढलं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन केडगावला, दौंडहून जवळच, तिथे मुख्य काम मुलीबायकांचं, त्यामुळे मुलग्यांची सोय वेगळी लागणारच होती. आणि हे फक्त ख्रिस्ती लोकांनीच केलं असंही नाही. पंढरपूरला प्रार्थना समाजाचं बालकाश्रम १८७५ पासूनचं, त्यामागे तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर होते. मिशनचा इतिहास सांगताना लोक पंढरपूर विसरतात ते बरोबर नाही.

बोर्डिंगातला दिवस घंटेवर चालायचा. पहाटे घंटा, प्रार्थना, झाडलोट, विहिरीचं पाणी, शाळा, मग हाताचं काम, संध्याकाळी उपासना, रविवारी संडेस्कूल. जेवण ज्वारीची भाकरी नि आमटी, सोलापुरात दुसरं काय मिळणार. मिशनवाल्यांचा भर हाताच्या कामावर फार, कारण पोरगा मोठा झाल्यावर पोट भरणार कशावर हा प्रश्न होताच. सुतारकाम, विणकाम, शिवण. शिरूरला रेव्ह. विन्सर यांनी घायपाताच्या पानांतून वाख, म्हणजे दोराचा धागा काढायचं काम मुलांना शिकवलं, नगरला चर्चिल नावाच्या इंजिनिअर मिशनऱ्याने जलद चालणारा हातमाग बनवला. सोलापुरात मात्र कापडाची पहिली मिल, जिला लोक जुनी मिल म्हणतात, १८७७ पासून सुरू झालेली, मागोमाग बाकीच्या मिल आल्या, त्यामुळे हात वापरता येणाऱ्या पोराला भोंगा ऐकून पळायला शिकलं की झालं. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे ९ वर्षांचं पोरगं सुद्धा अर्धा दिवस, सात तास, कामाला चालायचं. बोर्डिंगात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांतली पोरं एकत्र, शिव्या तिन्ही भाषांत यायच्या असं म्हणायला हरकत नाही.

यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे सेटलमेंट. इंग्रजांच्या कायद्याने गुन्हेगार जमाती म्हणून शिक्का मारलेल्या लोकांना स्टार्ट साहेब या सरकारी अधिकाऱ्याच्या योजनेत तारेच्या कुंपणात ठेवलं, मिलला मजूर मिळावेत म्हणून वसाहत मिलगावात, आणि सोलापूरच्या उमेदपूर सेटलमेंटचं काम मिशनकडे होतं. तिथली पोरं बेघर नव्हती, त्यांना घर होतं, आईबाप होते, पण "सुधारायला" मुलं मोठ्यांपासून लांब ठेवायची अशी विचारसरणी होती. शाळा मिळाली हे खरं आणि कुंपण होतं हेही खरं. गुन्हेगार जमातींचा तो कायदा १९५२ ला गेला. त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.

धर्मांतराचा वाद पहिल्यापासून आहे. भुकेल्या पोराला भाकरी देऊन बाप्तिस्मा दिला हा एका बाजूचा आरोप, पोरगा मरत होता तेव्हा बाकीचे कुठे होते हा दुसऱ्या बाजूचा सवाल. दोन्हीत तथ्य आहे, कारण दहा वर्षांच्या मुलाच्या होकाराला होकार म्हणायचं का, हे तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर मिशनरी कमी होत गेले, कारभार इथल्या पाळकांच्या आणि चर्चच्या हातात आला, १९७० मध्ये वेगवेगळ्या प्रोटेस्टंट चर्चचं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. पैसा मात्र बाहेरूनच, आता जर्मनी वगैरेतून, १९५९ ला डुइसबुर्गला निघालेल्या किंडरनोटहिल्फे या मुलांना मदत करणाऱ्या जर्मन संस्थेने तर मदतीची सुरुवातच भारतातल्या मुलांपासून केली. १९७२ च्या दुष्काळात सुकडी (वाटपातलं पौष्टिक पीठ) आणि अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्लेली पिढी अजून आहे. नंतर मिल बंद पडल्या, आणि मिलच्या चाळीतली, बाप दारूत गेलेली, स्टेशनवर झोपणारी पोरं हा नवा बेघर वर्ग तयार झाला, त्याला दुष्काळ लागत नव्हता.

कायद्याने चित्र पुन्हा बदललं. मुंबई इलाख्यात १९२४ चा बाल अधिनियम होता, पण बोर्डिंगच्या दारात आईने पोरगा आणून सोडला की वॉर्डन ठेवून घ्यायचा, एवढं सोपं होतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात बालगृहाची नोंदणी सक्तीची आणि मूल ठेवायचं तर बाल कल्याण समितीचा आदेश लागतो. दुसरीकडे परदेशी देणगीचा कायदा १९७६ ला आला, २०१० ला नवा झाला, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर बाहेरचा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरवावा लागतो, कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. वॉर्डन, स्वयंपाकीण, रात्रीचा राखणदार यांचा पगार यातल्या कुठल्या खात्यात बसवायचा हा आता बोर्डिंग चालवणाऱ्यांचा रोजचा प्रश्न.