रापणीचा दोर आणि भाड्यातली दरी

नाताळच्या सुट्टीत मालवणजवळच्या किनाऱ्यावर रापण (वाळूवरून दोराने ओढायचं मोठं जाळं) ओढायला मच्छीमार कमी आणि पाहुणे जास्त होते. दोराला हात लावायचा, चार पावलं मागे जायचं, फडफडणाऱ्या बांगड्यांसोबत फोटो, मग न्याहारीला घावणे. मामा म्हणाला, "दोर वढूक माणसां मिळतत रे, बांगडे सुकवूक जागा मिळणा नाय."

दुसऱ्याचे कष्ट बघायला जाण्याची हौस जुनी आहे. १८८० च्या दशकात लंडनचे श्रीमंत ईस्ट एंडच्या वस्त्या बघायला जात. आज ब्राझीलमधल्या रिओच्या फावेलांत, म्हणजे गरीब वस्त्यांत, आणि आपल्या धारावीत सहली निघतात. हे प्राणिसंग्रहालय की प्रबोधन, हा वाद मला कंटाळवाणा वाटतो. फाबियान फ्रेंझेल या अभ्यासकाने पुढचा प्रश्न घेतला: पर्यटकाच्या नजरेने त्या जागेचं मोल कसं बदलतं? रिओतली विदिगाल ही डोंगरावरची वस्ती, खाली समुद्र. २०११-१२ मध्ये पोलिसांनी ती ताब्यात घेतली, पर्यटक वाढले, भाडी चढली आणि काही जुन्या भाडेकरूंना परवडेना.

या यंत्रणेचा गाभा नील स्मिथ या स्कॉटिश भूगोलतज्ज्ञाने १९७९ मध्ये मांडला. नाव 'रेंट गॅप', म्हणजे भाड्यातली दरी. समजा, किनाऱ्यालगत तीन गुंठे आहेत. तिथे जाळी आणि बांगडे वाळतात, वर्षाला खर्च वजा जाता २० हजार सुटतात. हे आजचं भाडं. तिथेच होमस्टे बांधला तर ३ लाख सुटतील. हे शक्य भाडं. व्याजदर ८ टक्के धरून दोन्ही भाड्यांना त्याने भागा: पहिल्या हिशोबाने जागेची किंमत अडीच लाख, दुसऱ्याने साडेसदतीस. मधली दरी ३५ लाखांची. बांधकाम, दलाली, कागदपत्रं मिळून ३५ लाखांवर गेली, तर कुणी हलत नाही. तोच खर्च २५ वर आला की १० लाख उरतात, आणि पैसा उडी मारतो. म्हणून गाव वीस वर्षं निवांत असतं आणि दोन हंगामांत अख्खी वाडी विकली जाते.

दरी दोन्ही बाजूंनी रुंदावते. वरची कड सरकारी निर्णयांनी उचलली जाते: १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ आला. मामाने यातलं काहीच केलेलं नाही. खालची कड खचते ती दुर्लक्षाने. स्मिथने अमेरिकी शहरांत दुरुस्ती थांबलेली घरं अभ्यासली. आपल्याकडे चाकरमान्यांची बंद घरं आहेत. कौलं परतायला कुणी नाही, वाशांना वाळवी, सातबाऱ्यावर बावीस नावं. खर्च कोण करणार? २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्याच १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर उतरली.

दलाल या दरीला 'दुसरा गोवा' म्हणतात. वर 'वास्तुशास्त्राप्रमाणे सी-फेसिंग' हेही. वास्तूवाल्यांना पाणी ईशान्येला लागतं आणि कोकणात समुद्र पश्चिमेला. तो हलवायचं काम अजून कुणी अंगावर घेतलेलं नाही.

धरणासाठी जमीन गेली तर निदान नोटीस येते, मोबदल्यासाठी भांडता येतं. मामा बांगडे सुकवायचा ती वाळू त्याच्या नावावर कधीच नव्हती, सगळे वापरत म्हणून तोही वापरायचा. तिथे आता आरामखुर्च्या आहेत. त्याला कुणी 'ऊठ' म्हटलं नाही, त्यामुळे विस्थापितांच्या कुठल्या यादीत त्याचं नाव नाही.

तो आता घराच्या पत्र्यावर बांगडे सुकवतो. घर सामाईक आहे. परवा मुंबईहून चुलतभावाचा फोन आला होता, सहीसाठी.