गव्हातील तणस्पर्धा आणि आर्थिक तणमर्यादा

तणांमुळे होणारे नुकसान ज्या तणसंख्येला ती काढण्याच्या खर्चाइतके होते, त्या संख्येला आर्थिक तणमर्यादा म्हणतात. तणे त्याहून कमी असतील तर खुरपणीचा किंवा फवारणीचा पैसा त्या हंगामात वसूल होत नाही. ही मर्यादा दर चौरस मीटरला किती रोपे अशी सांगतात. उत्पादन, बाजारभाव किंवा मजुरी बदलली की तीही सरकते, त्यामुळे सगळ्या शिवारांना एकच आकडा लागू पडत नाही.

स्पर्धेचे स्वरूप : बागायती गव्हात झगडा मुख्यतः नत्र आणि प्रकाशासाठी असतो, कोरडवाहूत ओलाव्यासाठी. चंदन बटवा गव्हाच्या वर जाऊन सावली धरतो, तर चांदवेल ताटांना विळखे घालून पीक लोळवते. गव्हाआधी किंवा गव्हाबरोबर उगवलेले तण सर्वांत महाग पडते. पिकाने जमीन झाकल्यावर उगवलेले तण संख्येने तेवढेच असले तरी फारसे काही करू शकत नाही. तणे दुप्पट झाली म्हणून नुकसानही दुप्पट होते असे नाही. दाटी वाढली की तणे आपसांतच भांडतात. तणशास्त्रज्ञ आर. कझन्स यांनी 1985 मध्ये हा संबंध अपास्त वक्राने, म्हणजे आधी झपाट्याने चढून मग सपाट होत जाणाऱ्या रेषेने, मांडला. संख्या कमी असते तेव्हा मात्र साधे त्रैराशिक पुरते.

हिशोब : तणमुक्त गव्हाचे उत्पादन हेक्टरी 40 क्विंटल आणि भाव 2,400 रुपये धरला, तर पीक 96,000 रुपयांचे झाले. तणनाशक आणि फवारणीची मजुरी मिळून खर्च 2,000 रुपये आणि 85 टक्के तणे मरतात असे समजू. 2,000 ला 96,000 च्या 85 टक्क्यांनी, म्हणजे 81,600 ने भागले की सुमारे 2.5 टक्के येतात. नुकसान याहून जास्त होणार असेल तरच फवारणी परवडते. दर चौरस मीटरला एका रोपामागे 0.3 टक्के घट धरली, तर मर्यादा सुमारे 8 रोपांवर येते. त्याच शेतात हाताने खुरपायला 25 मजूर, प्रत्येकी 300 रुपये लागले, तर 90 टक्के तणे निघाली तरी मर्यादा 29 रोपांपर्यंत चढते. हेक्टरी 10 क्विंटलच्या कोरडवाहू ज्वारीत, भाव 3,000 रुपये धरला, तर त्याच फवारणीचे 2,000 रुपये वसूल व्हायला तणांमुळे जवळपास 8 टक्के नुकसान होणार असावे लागते. पण ज्वारीचा हिशोब धान्यावर थांबवू नये. कडबा धरला की पिकाची किंमत वाढते आणि मर्यादा खाली येते.

मोजणी : तारेची किंवा कामट्यांची 50×50 सेंमी. चौकट करून नागमोडी चालत किमान 10 ठिकाणी ठेवावी, बांधालगतची जागा टाळावी. सरासरीला 4 ने गुणले की चौरस मीटरची संख्या मिळते. 8 ची मर्यादा म्हणजे चौकटीत दोन रोपे. रुंद पानांची आणि गवतवर्गीय तणे वेगळी मोजावीत, कारण औषध त्यावरूनच ठरते.

वेळ : गव्हात पेरणीनंतरचे 30 ते 45 दिवस निर्णायक असतात. म्हणून पहिले पाणी (18 ते 21 दिवस) दिल्यावर वापसा येताच, म्हणजे जमीन चालण्याजोगी सुकताच, मोजणी उरकावी. तणे 2 ते 4 पानांवर असताना फवारावे. युरियाचा हप्ता तण काढण्याआधी दिला तर त्यातला मोठा वाटा तणेच खातात. उशिरा खुरपून गेलेले उत्पादन परत येत नाही, फार तर तणांचे बी पडणे थांबते.

रुंद पानांच्या तणांसाठी मेटसल्फ्युरॉन मिथाईल 20 टक्के हे तणनाशक हेक्टरी 20 ग्रॅम, 500 लिटर पाण्यातून देतात. म्हणजे 15 लिटरच्या 33 पंपांना मिळून 20 ग्रॅम. पंपागणिक चिमूट टाकण्यात मात्रा हमखास चुकते, म्हणून पूर्ण 20 ग्रॅम 3.3 लिटर पाण्यात विरघळवून दर पंपाला 100 मिलि. घ्यावे. पंखा नोझल वापरावे आणि नळी डावीउजवीकडे हलवत फवारू नये. पट्टे राहतात किंवा दुहेरी मात्रा बसते. हे औषध गवतांवर चालत नाही. ती जास्त असतील तर क्लोडिनाफॉप 15 टक्के हेक्टरी 400 ग्रॅम घेतात, पण ते रुंद पानांवरच्या 2,4-डी सोबत एकाच पंपात मिसळले की गवतांवरचा परिणाम घटतो. 2,4-डी फुटवे येण्याआधी मारले तर ओंब्या वेड्यावाकड्या निघतात. शेजारी कापूस किंवा द्राक्षबाग असेल तर वाऱ्याने गेलेला फवाराही पाने आक्रसवतो. गव्हात मोहरी किंवा हरभऱ्याचे आंतरपीक असेल तर मेटसल्फ्युरॉन आणि 2,4-डी ही दोन्ही रुंद पानांची औषधे वर्ज्य. सल्फोसल्फ्युरॉन हे तणनाशक वापरलेल्या शेतात पुढे ज्वारी किंवा मका घेताना अवशेषांचा धोका असतो.

रब्बी ज्वारीत 3, 5 आणि 8 आठवड्यांनी अनुक्रमे फटीचे, पासेचे आणि दातेरी कोळपे चालवतात. भेगा बुजून ओल टिकते, म्हणून तणे मर्यादेखाली असली तरी कोळपणी फुकट जात नाही.

मर्यादा जिथे चालत नाही : हा हिशोब एका हंगामाचा आहे, सोडलेल्या तणाचे बी पुढच्या वर्षांच्या खात्यावर पडते. हरियाणात भात-गहू पट्ट्यात वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक मारल्याने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस गुल्ली डंडा हे गवतवर्गीय तण त्याला दाद देईनासे झाले. हे तण लहानपणी हुबेहूब गव्हासारखे दिसते, फक्त बुंध्याशी तांबूस छटा असते. शेतात ते नव्याने चारदोन ठिकाणी दिसले, तर मोजत न बसता बी धरण्याआधी उपटावे. हरळी आणि लव्हाळ्यातही वरची रोपे मोजून जमिनीखालचे काशे आणि गाठी कळत नाहीत. ज्वारीवरचा टारफुला तर मुळांना चिकटून जमिनीखालीच पीक शोषतो आणि वर दिसेपर्यंत नुकसान झालेले असते. त्याचे धुळीसारखे बी जमिनीत अनेक वर्षे टिकते. त्यामुळे फुलोऱ्याआधी उपटणे आणि कापसासारख्या पिकाशी फेरपालट करणे हे उपाय संख्या न पाहताच करावे लागतात.