सर्व्हर-भूमिका (विंडोज-लिनक्स मिश्र नेटवर्क)

नेटवर्कमधल्या कोणत्या सर्व्हरने कोणते काम करायचे, आणि कोणत्या कामात त्याचाच शब्द अखेरचा मानायचा, याची वाटणी म्हणजे सर्व्हर-भूमिका. सर्व्हर रूममध्ये ‘भूमिका’ हा शब्द सहसा ऐकू येत नाही. तिथे ‘रोल’ असतो आणि तो दिला जातो, हलवला जातो, वेळ आली तर हिसकावून घेतला जातो. सगळी यंत्रे विंडोजची असली की वाटणीचा बराच भाग आपोआप उरकतो. शेजारी लिनक्स आले की कोण काय सांभाळतो हे आधी ठरवून, लिहून ठेवावे लागते. अशा नेटवर्कमध्ये दोन्ही बाजूंना जोडण्याचे काम बहुधा सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर करते.

सांबाचा उगम ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथला. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी युनिक्स यंत्रावरच्या फायली डॉसच्या पीसीवर दिसाव्यात म्हणून जानेवारी १९९२ मध्ये एक छोटा सर्व्हर लिहून वाटला. त्यासाठीच्या एसएमबी या प्रोटोकॉलची, म्हणजे यंत्रांनी फायलींसाठी आपसांत बोलण्याच्या नियमांची, कागदपत्रे हाताशी नव्हती, म्हणून तारेवरून जाणारी डेटाची पाकिटे पाहून तो उलगडला. पुढे मूळ नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला, तेव्हा त्यांनी एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शब्दयादीत शोधले आणि त्यातून ‘सांबा’ उचलला.

विंडोज एनटीच्या काळात वाटणी सोपी होती. डोमेन म्हणजे एकाच खातेयादीखाली आणलेली यंत्रे आणि माणसे; ती यादी सांभाळतो तो डोमेन कंट्रोलर, म्हणजे डीसी. एक प्रायमरी डोमेन कंट्रोलर, म्हणजे पीडीसी, बाकीचे बॅकअप. यादीत लिहायचा हक्क फक्त पीडीसीला. तो पडला तरी लॉगिन चालायचे, पासवर्ड मात्र बदलता यायचा नाही. विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही खाती-यंत्रांची नवी नोंदवही आली आणि प्रत्येक डीसीला लिहिता येऊ लागले. तरीही पाच कामे एकहातीच राहिली. स्कीमा मास्टर (नोंदींचा साचा सांभाळणारा) आणि डोमेन नेमिंग मास्टर (डोमेन जोडणे-काढणे पाहणारा) अख्ख्या फॉरेस्टमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या डोमेनांच्या समूहात, एकेक. आरआयडी मास्टर, पीडीसी एम्युलेटर (या दोघांविषयी पुढे) आणि इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर (दुसऱ्या डोमेनमधल्या नोंदींचे संदर्भ ताजे ठेवणारा) दर डोमेनला एकेक. सांबा डीएनएसच्या, म्हणजे यंत्रांची नावे-पत्ते जुळवणाऱ्या यंत्रणेच्या, दोन विभागांचे मालकही यातच धरते, म्हणून त्याच्या यादीत सात नावे दिसतात आणि विंडोजवाल्यांना वाटते, काहीतरी जास्तीचे झाले.

सांबाला ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डीसी होता आले ते डिसेंबर २०१२ मधल्या ४.० आवृत्तीपासून. त्यामागे एक कोर्टकज्जाही आहे. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि प्रोटोकॉलची माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितले. २००७ मध्ये न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला आणि त्याच वर्षअखेरीस दहा हजार युरो भरून सांबाच्या मंडळींना ती कागदपत्रे मिळाली.

आज सांबाच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘सर्व्हर रोल’ नावाची एक ओळ असते. स्वतंत्र सर्व्हर, डोमेनचा सदस्य, जुन्या पद्धतीचा प्रायमरी किंवा बॅकअप, आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी डीसी, यांतले एक तिथे लिहायचे. काहीच न लिहिल्यास सांबा इतर ओळींवरून अंदाज बांधते. नवशिके फसतात ते इथे: ओळीत डीसी लिहिल्याने यंत्र डीसी होत नाही. आधी नवे डोमेन उभारावे लागते किंवा असलेल्या डोमेनमध्ये डीसी म्हणून सामील व्हावे लागते. सदस्य सर्व्हर आणि डीसी यांच्यासाठी चालणाऱ्या सेवाही वेगळ्या.

मिश्र नेटवर्कमध्ये त्रासाचे मूळ बरेचदा सदस्य सर्व्हरच्या ओळखपत्रांत सापडते. विंडोज माणसाला एसआयडी या लांबलचक ओळखक्रमांकाने ओळखते, लिनक्स युआयडीच्या आकड्याने. ही जुळणी सांबाची विनबाइंड सेवा करते. दोन सदस्यांवर जुळणीचे नियम वेगळे ठेवले तर एकाच माणसाला दोन आकडे मिळतात, आणि एका सर्व्हरवरच्या फायली दुसरीकडे नेल्या की त्या भलत्याच्याच नावावर दिसतात. सांबा डीसी स्वतःचे आकडे साधारण तीस लाखांपासून पुढे वाटतो, सदस्यांचे वेगळे. डीसीवर फाइल शेअरिंग करू नका असे सांगतात, त्याचे हे एक कारण.

आरआयडी मास्टर पडल्याचे तर लवकर कळतही नाही. तो प्रत्येक डीसीला ५०० आकड्यांचा गठ्ठा देऊन ठेवतो आणि नव्या खात्याच्या एसआयडीचा शेवटचा भाग त्यातून येतो. त्यामुळे मास्टर गेल्यावरही खाती उघडत राहतात. गठ्ठा संपला की अचानक थांबतात, कधीकधी कित्येक आठवड्यांनी. जुना डीसी जिवंत असेल तर रोल रीतसर हलवावा. तो कायमचा गेला असेल तरच हिसकावावा, आणि मग ते यंत्र पुन्हा नेटवर्कला लावू नये. दोन मास्टर एकाच वेळी गठ्ठे वाटू लागले की दोन खात्यांना एकच एसआयडी मिळू शकतो.

पीडीसी एम्युलेटर हे नाव एनटीची आठवण करून देते, पण काम आजचे आहे. डोमेनचे घड्याळ त्याच्याकडे असते. पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बरॉस ही ओळख तपासणारी पद्धत सहसा लॉगिन नाकारते. ग्रुप पॉलिसी, म्हणजे डोमेनमधल्या यंत्रांना आणि माणसांना एकत्र लावायचे नियम, संपादित करताना विंडोजची साधनेही आपण होऊन त्यालाच गाठतात. पॉलिसीच्या फायली सिसवॉल फोल्डरमध्ये असतात. विंडोज डीसी त्यांची आपसांत देवाणघेवाण करतात, सांबामध्ये ती सोय नाही. म्हणून बरेच जण क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारे) आणि आरसिंक (फायलींची नक्कल करणारे) ही साधने लावून पीडीसी एम्युलेटरवरून बाकीच्या डीसींकडे एकतर्फी नक्कल पाठवतात. रोल दुसऱ्या डीसीवर नेला आणि आरसिंकची दिशा बदलायची राहिली, तर नव्या ठिकाणी केलेले बदल पुढच्या फेरीत जुन्या प्रतीखाली गाडले जातात. पॉलिसी ‘आपोआप मागे जाते’ अशी तक्रार आली की आधी ती क्रॉनची ओळ पाहावी.