एचआयव्ही जनजागृती

एचआयव्हीची लागण कशी होते, ती कशी टाळावी, तपासणी केव्हा करावी, उपचार कसे चालतात आणि लागण झालेल्या माणसाला कोणता आधार मिळू शकतो, हे लोकांपर्यंत पोचवण्याचे संघटित काम म्हणजे एचआयव्ही जनजागृती. माहिती देणे हा तिचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग भीती आणि लाज घालवण्याचा. घाबरलेला माणूस तपासणीला जात नाही, आणि तपासणीच झाली नाही तर उपचारही सुरू होत नाहीत.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या दुर्मिळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सची, म्हणजे एचआयव्हीच्या लागणीच्या शेवटच्या अवस्थेची, ही पहिली अधिकृत नोंद. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एचआयव्ही हा विषाणू वेगळा करण्यात आला आणि १९८५ मध्ये रक्तचाचणी आली. परिणामकारक औषध मात्र नव्हते, त्यामुळे सुरुवातीच्या प्रचाराचा सगळा भर धाक दाखवण्यावर राहिला. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणीवर साक्षात मृत्यू माणसांना बोलिंगच्या खेळातल्या खुंट्यांसारखे आडवे पाडताना दिसला. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये थडग्याच्या दगडावर ‘एड्स’ कोरल्याची जाहिरात झळकली आणि घरोघरी पत्रके गेली. आजाराचे नाव सर्वतोमुखी झाले, पण ‘एचआयव्ही म्हणजे मरण’ हे समीकरणही डोक्यात घट्ट बसले. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि ते समीकरण खोटे ठरले, तरी लोकांच्या मनातून ते अजून पुरते गेलेले नाही. १ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन १९८८ पासून पाळला जातो. या जनजागृतीचे चिन्ह असलेली लाल फीत १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधील कलावंतांनी तयार केली.

लागणीचे मार्ग सांगताना नेमके शब्द वापरावेत. रक्त, वीर्य व वीर्यपूर्व स्राव, योनिस्राव, गुदमार्गातील स्राव आणि आईचे दूध यांतून विषाणू पसरतो. लाळ, घाम, अश्रू, एकत्र जेवण, मिठी किंवा सामायिक संडास यांतून तो पसरत नाही. डासाचा प्रश्न जवळपास प्रत्येक सभेत येतो. त्यावर नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही, कारण सांगावे लागते: डास चावताना आधी शोषलेले रक्त नव्हे, तर स्वतःची लाळ सोडतो, आणि हा विषाणू डासाच्या शरीरात वाढत नाही. कारण कळले की शंका मिटते. नुसता नकार ऐकला तर ती मनात घेऊनच माणूस घरी जातो.

कंडोमबाबतही तसेच. ‘कंडोम वापरा’ या वाक्याने कोणाला काही शिकवले जात नाही. लाकडी प्रतिकृतीवर प्रात्यक्षिक दाखवून पायऱ्या समजवाव्यात: मुदत पाहणे, वेष्टन दाताने न फाडणे, टोक चिमटीत धरून हवा काढणे, लिंग ताठ झाल्यावर आणि संबंधाच्या आधीच कंडोम चढवून मुळापर्यंत उलगडणे, वीर्यपतनानंतर लगेच कडा धरून बाहेर काढणे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनमुळे लॅटेक्स कमकुवत होऊन कंडोम फाटतो, म्हणून पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारित वंगणच सुचवावे. दोन कंडोम एकावर एक चढवू नयेत. पुष्कळदा फजिती उशिरा चढवल्याने किंवा कडा न धरल्याने होते.

पोस्टरवर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापावा असा आकडा ७२ तासांचा आहे. कंडोम फाटला, बलात्कार झाला, वापरलेली सुई टोचली, तर ‘पेप’ ही संपर्कानंतर लागण रोखण्यासाठीची औषधे जितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ती रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कुठे मिळतील, हे त्याच कागदावर नसेल तर तो आकडा निरुपयोगी आहे. ‘प्रेप’ ही लागण होण्याआधीच घ्यायची औषधे. ती सुरू करण्यापूर्वी तपासणी निगेटिव्ह असल्याची खात्री हवी. लपलेल्या लागणीवर प्रेप चालू राहिले तर विषाणू त्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. शिवाय प्रेप इतर गुप्तरोगांपासून वाचवत नाही.

तपासणीबद्दल सर्वाधिक गोंधळ विंडो पिरियडचा. लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतचा हा काळ. शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत होणाऱ्या अँटिजेन-अँटिबॉडी (विषाणूचे अंश आणि त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे शोधणाऱ्या) चाचणीला साधारण १८ ते ४५ दिवस लागतात, तर झटपट अँटिबॉडी चाचणीला २३ ते ९० दिवस. दुसऱ्याच आठवड्यात चाचणी करून ‘निगेटिव्ह’ अहवाल खिशात घालणारा माणूस खोट्या दिलाशावर राहतो. याच्या उलट, पहिली झटपट चाचणी रिॲक्टिव्ह, म्हणजे लागणीचा संकेत देणारी, आली एवढ्यावर निदान होत नाही. पुढच्या चाचण्यांनी खात्री करावी लागते. आधी आणि नंतर समुपदेशन हवे ते यासाठीच.

उपचारांचा संदेश आज सर्वांत आशादायक आहे, आणि तोच सर्वांत कमी पोचतो. एआरटी, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारी औषधे, बहुधा दिवसाला एका गोळीची असते. ती नियमित घेतल्यास साधारण सहा महिन्यांत विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, चाचणीत सापडणार नाही इतका खाली येतो आणि मग लैंगिक संबंधातून लागण होत नाही. एक जोडीदार उपचारांवर असलेल्या जोडप्यांच्या युरोपातील अभ्यासात, २०१६ च्या अहवालानुसार, कंडोमविना झालेल्या सुमारे ५८,००० संबंधांतून त्या जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. हे सांगताना मर्यादाही सांगावी: सामायिक सुयांना ही खात्री लागू नाही, आणि स्तनपानात धोका फार कमी होतो पण शून्य होत नाही. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर उपचार मिळाल्यास ते ५ टक्क्यांच्या खाली येते. उपचार फसतात ते बहुतेकदा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी थांबवल्याने. वजन वाढते, ताप जातो, आणि माणसाला गोळी नकोशी होते. हा धोका पहिल्याच भेटीत बोलून ठेवावा. क्षयाची लक्षणेही तेव्हाच सांगावीत, कारण एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मृत्यूंमागे क्षय हे सर्वांत मोठे कारण आहे.

कोण बोलतो यावर पुष्कळ अवलंबून असते. त्याच वस्तीतला, त्याच धंद्यातला किंवा त्याच वयाचा पिअर एज्युकेटर (आपल्यासारख्यांना माहिती देणारा कार्यकर्ता) जे विचारू आणि सांगू शकतो, ते पांढऱ्या कोटातल्या माणसाला जमत नाही. नाव न लिहिता प्रश्न टाकण्याची पेटी सभेच्या आदल्या दिवशीच ठेवावी. ‘एड्सग्रस्त’, ‘बळी’ हे शब्द टाळून ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’ म्हणावे. १९८३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे रुग्णांनी स्वतःच ‘आम्हाला बळी म्हणू नका’ असे बजावले होते. छायाचित्र किंवा नाव लेखी संमतीशिवाय वापरू नये. एकदा फुटलेली गुप्तता परत मिळवता येत नाही, आणि एका माणसाचे नाव फुटले की पुढची दहा माणसे तपासणीला येत नाहीत.

परिणाम मोजताना वाटलेली पत्रके मोजणे सोपे असते, पण त्यातून काही कळत नाही. किती जण तपासणीला आले, पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणांचे उपचार सुरू झाले आणि किती जण वर्षभरानंतरही औषध घेत आहेत, हे पाहावे. भेदभाव मोजण्यासाठी अनेक देशांच्या सर्वेक्षणांत एक साधा प्रश्न विचारतात: भाजीवाल्याला एचआयव्ही आहे हे कळले तर त्याच्याकडून ताजी भाजी घ्याल का? लागणीचे सगळे मार्ग बिनचूक सांगणारी माणसेही इथे ‘नाही’ म्हणू शकतात. अशा ठिकाणी तीच माहिती पुन्हा सांगू नये. स्वखुशीने बोलायला तयार असलेल्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला लोकांसमोर बसवावे आणि प्रश्न थेट तिलाच विचारू द्यावेत.