‘विष्ठा नॉर्मल’ म्हणजे पक्षी निर्धोक?

“पक्षी खातो-पितो, विष्ठेचा रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे घरच्यांना त्याच्यापासून काही होत नाही” असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मायक्रोस्पोरिडिया (बीजाणूंतून पसरणारे, बुरशीच्या जवळचे अतिसूक्ष्म परजीवी) नेमके इथेच निसटतात.

लव्हबर्ड, बजरीगर यांच्यात सापडणारा त्यांच्यापैकीच एक, एन्सेफॅलिटोझून हेलेम, माणसालाही होऊ शकतो, मुख्यतः प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना. पक्षी ठणठणीत दिसत असतानाही त्याच्या विष्ठेतून बीजाणू पडतात. ते जेमतेम १ ते २.५ मायक्रॉनचे असल्याने जंतांच्या साध्या तपासणीत सहसा ओळखू येत नाहीत. मॉडिफाइड ट्रायक्रोम या प्रयोगशाळेतल्या रंगात सूक्ष्मदर्शकाखाली ते गुलाबी-लाल दिसतात, काहींवर मधोमध आडवा पट्टा असतो. कॅल्कोफ्लोर या चमकणाऱ्या रंगाने ते उजळतात खरे, पण यीस्टही चमकतं. म्हणून खात्री पीसीआरनेच (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने) करावी.

नमुना नीट घेणं फार महत्त्वाचं. रात्री पिंजऱ्याच्या तळाशी स्वच्छ बटर पेपर अंथरा, सकाळी ताजी विष्ठा झाकणाच्या डबीत घ्या. मुंबईच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते, तेव्हा बर्फाच्या पिशवीसोबत त्याच दिवशी पोचवा. पीसीआरसाठी फॉर्मॅलिन (नमुना टिकवायचं रसायन) घालू नका, त्यात डीएनए खराब होतो. बीजाणू रोज पडतीलच असं नाही, त्यामुळे एक दिवसाआड तीन नमुने द्या. बाल्कनीतला पिंजरा कोरडा झाडू नका, ओला करूनच पुसा.