नवी निर्मिती आणि नवा बॅले: ‘स्वान लेक’ पाहताना होणारा घोटाळा

‘स्वान लेक’ हा बॅले नव्याने रंगमंचावर आला की त्याविषयीच्या लेखनात एक घोटाळा हमखास आढळतो, आणि इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही. लियम स्कार्लेट यांनी २०१८ मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेसाठी बसवलेला ‘स्वान लेक’ आणि मॅथ्यू बोर्न यांनी १९९५ मध्ये पुरुष हंस घेऊन केलेला ‘स्वान लेक’ या दोन्हींचा उल्लेख ‘आजच्या काळातला स्वान लेक’ म्हणून एका दमात केला जातो. फार तर पहिला जुन्या वळणाचा आणि दुसरा धाडसी एवढा भेद सांगितला जातो, तोही बहुधा पोशाखांवरून. वास्तविक या दोहोंत डावे-उजवे करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण त्या दोन वेगळ्या जातीच्या कलाकृती आहेत. स्कार्लेट यांचे काम ही जुन्या बॅलेची नवी निर्मिती आहे. बोर्न यांचे काम हा जुन्या संगीतावर रचलेला नवा बॅले आहे. हे ध्यानात न घेता लिहिले की दिग्दर्शकाला त्याने न केलेल्या कामाचे श्रेय मिळते, आणि नर्तकांनी नेमके काय केले याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

ओडेट, तिला हंसिणीचे रूप देणारा रॉथबार्ट, राजपुत्र सिगफ्रिड आणि त्याला भुलवणारी ओडिल यांची कथा वाचकाला परिचित असणारच, आणि चायकोव्हस्की यांच्या संगीतातली ओबोवर वाजणारी ती प्रसिद्ध सुरावटही. त्यांत वेळ घालवत नाही. त्यामानाने कमी ठाऊक असते ते असे की ज्याला आपण अभिजात ‘स्वान लेक’ म्हणतो तो १८७७ सालचा नव्हे. त्या वर्षी मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरात युलियुस राइझिंगर यांच्या नृत्यरचनेत तो प्रथम झाला, पण त्या नृत्यातले आज काही उरलेले नाही. आज जगभर जो नाचला जातो तो १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की थिएटरात मारियस पेतिपा आणि लेव्ह इव्हानोव्ह यांनी रचलेला बॅले. सरोवराकाठची दृश्ये इव्हानोव्ह यांची. पहिला अंक आणि राजवाड्यातला नृत्यसोहळा मुख्यतः पेतिपा यांचा. संगीतकार रिकार्डो द्रिगो यांनी त्यासाठी संगीताचा क्रम बदलला, काही भाग गाळले, काही नवे भरले. चायकोव्हस्की १८९३ मध्येच वारले होते, त्यामुळे हे रूप त्यांनी पाहिलेच नाही. तेव्हा एखाद्या निर्मितीचे वर्णन ‘चायकोव्हस्कींच्या मूळ कल्पनेशी एकनिष्ठ’ असे करणाऱ्याने आधी एवढा इतिहास वाचावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

मराठी वाचकाला हा भेद समजायला खरे तर अवघड जाऊ नये. किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ पासून किती संचांत आणि किती प्रकारच्या नेपथ्यात झाले. कोणी प्रवेश गाळले, कोणी पदे कमी केली, पण उभे राहिले ते ‘सौभद्र’च. उद्या कोणी सुभद्राहरणावर स्वतःचे संवाद आणि स्वतःची पदे लिहून नाटक केले, तर विषय तोच असूनही त्याला ‘सौभद्र’ची नवी निर्मिती कोणी म्हणणार नाही. नाटकात ही गल्लत होत नाही, कारण संहिता छापलेली असते आणि ती कोणालाही उघडून पाहता येते. बॅलेची संहिता म्हणजे पदन्यास, आणि ते प्रेक्षकाच्या हातात कधीच नसतात. सगळा घोळ इथून सुरू होतो.

ही संहिता टिकली कशी, हेही सांगितले पाहिजे. बरीचशी ती एका नर्तकाने दुसऱ्याला शिकवत पुढे आली, आणि काही भाग स्तेपानोव्ह यांच्या नृत्यलिपीत नोंदवला गेला. मारिइन्स्कीतल्या या नोंदी निकोलाय सेर्गेयेव्ह यांनी क्रांतीनंतर रशियाबाहेर नेल्या, आणि त्यांच्याच आधाराने १९३४ मध्ये लंडनच्या विक-वेल्स बॅलेने संपूर्ण ‘स्वान लेक’ उभा केला. पुढे रॉयल बॅले म्हणून ओळखली जाऊ लागली ती हीच संस्था. त्यामुळे स्कार्लेट यांच्या हाती २०१८ मध्ये जे आले ते कोरे पान नव्हते. तो संस्थेचा वारसा होता, आणि त्यातले काय ठेवायचे व काय नव्याने रचायचे हे ठरवणे हेच त्यांचे पहिले काम होते.

त्यांनी दुसरा अंक इव्हानोव्ह यांचाच ठेवला. आपल्या आईच्या अश्रूंनी हे सरोवर भरले आहे, ही हकीकत ओडेट मूकाभिनयाने सांगते तो प्रसंग, व्हायोलिन आणि चेलोच्या साथीने होणारे संथ युगुलनृत्य, एकमेकींच्या हातांची साखळी करून नाचणाऱ्या चार लहान हंसिणी, हे सारे १८९५ च्या परंपरेतले आहे. तिसऱ्या अंकातले ओडिलचे युगुलनृत्य पेतिपा यांच्या परंपरेतले आहे, आणि त्याच अंकातले नेपल्सचे नृत्य फ्रेडरिक अ‍ॅश्टन यांचे आहे, जे या संस्थेत आधीपासून नाचले जात होते. स्कार्लेट यांची स्वतःची रचना शोधायची तर ती मुख्यतः पहिल्या अंकातल्या समूहनृत्यांत आणि चौथ्या अंकात. रॉथबार्टला राणीचा सल्लागार म्हणून दरबारात वावरायला लावणे आणि राजपुत्राचा मित्र बेन्नो याला नाचायला भरपूर वाव देणे, ही त्यांची दिग्दर्शकीय कामगिरी. असे असताना दुसऱ्या अंकातल्या हंसिणींच्या रांगांची वाहवा करून ती स्कार्लेट यांच्या पदरात टाकणारे परीक्षण वाचले की मला मनस्वी चीड येते. इव्हानोव्ह यांना हयातीत पेतिपांच्या सावलीत राहावे लागले. निदान आज तरी त्यांच्या रांगा त्यांच्या नावावर राहू द्याव्यात.

बोर्न यांच्या बॅलेत इव्हानोव्ह यांचा आधार शोधू नये. त्यात चायकोव्हस्की यांचे संगीत आहे, राजपुत्र आहे, हंस आहेत. परंतु ओडेट नाही, ओडिल नाही, आणि टोकदार बुटांवर उभी राहणारी हंसिणींची रांगही नाही. उघड्या छातीचे, पिसांच्या विजारी घातलेले हे हंस वजनदार आहेत, अंगावर येणारे आहेत, आणि त्यांची प्रत्येक हालचाल बोर्न यांनी नव्याने शोधलेली आहे. त्या बॅलेला पेतिपांच्या तराजूत तोलणे जितके चूक, तितकेच स्कार्लेट यांना ‘बोर्नसारखे धाडस दाखवले नाही’ म्हणून दोष देणे चूक. त्यांनी ते काम अंगावर घेतलेच नव्हते.

संगीत तेच असले की बॅले तोच, ही समजूतही सोडून द्यावी. ‘जिझेल’ या एकोणिसाव्या शतकातल्या दुसऱ्या बॅलेचे उदाहरण पाहा. मॅट्स एक यांनी १९८२ मध्ये मूळ संगीतकार आदाम यांचेच संगीत घेऊन दुसरा अंक मनोरुग्णालयात नेला आणि सगळे नृत्य स्वतः रचले, म्हणून तो नवा बॅले. अक्रम खान यांनी २०१६ मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी केलेल्या ‘जिझेल’मध्ये तर संगीतही व्हिन्चेन्झो लामान्या यांनी नव्याने बांधलेले आहे, आणि कथकमध्ये वाढलेल्या खान यांचे पाय जमिनीशी जे नाते ठेवतात ते एकोणिसाव्या शतकातल्या बॅलेला ठाऊक नव्हते. अवघ्या काही महिन्यांत त्याच संस्थेने मेरी स्कीपिंग यांची १९७१ ची परंपरागत निर्मितीही पुन्हा रंगमंचावर आणली. एका संस्थेने दोन्ही जवळ बाळगाव्यात यात विसंगती काही नाही, कारण एकीने दुसरीची जागा घेतलेलीच नाही.

याचा सर्वांत मोठा परिणाम होतो तो नर्तकांकडे पाहण्यावर. नव्या निर्मितीत नर्तिकेची परीक्षा ठरलेल्या संहितेवर होते. मारियानेला नुन्येझ यांची ओडेट दोनदा चित्रित झालेली आहे: २००९ मध्ये थियागो सोआरेस यांच्यासोबत, अँथनी डॉवेल यांच्या १९८७ च्या निर्मितीत, आणि २०१८ मध्ये वादिम मुंतागिरोव्ह यांच्यासोबत, स्कार्लेट यांच्या निर्मितीत. ही दोन्ही चित्रणे एकापाठोपाठ पाहण्यासारखा दुसरा धडा नाही. नेपथ्य बदलले, जोडीदार बदलला, पण दुसऱ्या अंकातल्या युगुलनृत्याचा सांगाडा तोच राहिला. त्यामुळे दोन्हींत जो फरक दिसतो, म्हणजे मान किती उशिरा वळते, हात खाली येताना कोपर कुठे थांबते, घोट्याजवळ पावलाची ती बारीक थरथर व्हायोलिनच्या किती जवळ राहते, तो नर्तिकेचा असतो. तो निर्मितीच्या खात्यावर मांडू नये. त्याच निर्मितीत आज एक नर्तिका असते आणि उद्या दुसरी. एका रात्रीचा फिका प्रयोग पाहून ‘निर्मिती फसली’ असा निकाल देणे हे घाईचे काम आहे.

नव्या बॅलेत पहिला नर्तक भूमिका घडवत असतो. अ‍ॅडम कूपर यांनी १९९५ मध्ये बोर्न यांचा हंस केला तेव्हा त्यांच्या आधी कोणी तो केलेला नव्हता; तुलना कोणाशी करणार? त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येक हंसाला मात्र कूपर यांच्याशी तुलना सोसावी लागली. म्हणजे नवा बॅले पुरेसा टिकला की त्याचीही संहिता होते. २०१८ च्या अखेरीस बोर्न यांचा ‘स्वान लेक’ नव्या प्रकाशयोजनेसह आणि सुधारलेल्या नेपथ्यासह परत आला, तेव्हा तो स्वतःच एका अर्थाने जुन्या कृतीची नवी मांडणी झाला होता.

ओडिलच्या बत्तीस फुएत्यांविषयी, म्हणजे एका पायावर सलग घेतल्या जाणाऱ्या गिरक्यांविषयी, थोडे. पिएरिना लेन्यानी यांनी १८९५ मध्ये त्या गिरक्या घेतल्या तेव्हापासून त्या या भूमिकेला चिकटल्या आहेत, आणि प्रेक्षागृहात त्या मोजणे हा अनेकांना बॅले समजल्याचा पुरावा वाटतो. रशियन नर्तिका माया प्लिसेत्स्काया फुएत्यांऐवजी रंगमंचाभोवती वर्तुळाकार गिरक्या घेत, आणि त्यांच्या ओडिलला कोणी अपुरी म्हटले नाही. संहितेत नर्तिकेला एवढी मोकळीक परंपरेनेच दिलेली आहे. आकडा पूर्ण झाला की नाही यापेक्षा राजपुत्र त्या गिरक्यांनी भुलतो की नाही, हे पाहणे मला शंभर पटींनी महत्त्वाचे वाटते.

बाकीचे भेद किरकोळ आहेत. शेवट कसा होतो यावरून जात ठरत नाही: १८९५ मध्ये दोघे सरोवरात उडी घेत, कॉन्स्तान्तिन सेर्गेयेव्ह यांच्या १९५० च्या रशियन निर्मितीत राजपुत्र रॉथबार्टचा पंख उपटून जिंकतो, स्कार्लेट यांच्याकडे ओडेट मरते आणि सिगफ्रिड तिचा देह उचलून घेतो, तिन्ही एकाच बॅलेच्या निर्मिती आहेत. पोशाखही तसाच गौण, एक अपवाद सोडून. डॉवेल यांच्या निर्मितीत समूहातल्या हंसिणींना पिसांसारखे लांब घागरे होते. स्कार्लेट यांच्यासाठी जॉन मॅकफार्लेन यांनी त्यांना पुन्हा टूटू, म्हणजे बॅलेचे आखूड, ताठ घागरे दिले. त्यामुळे रांगेतल्या प्रत्येकीचा गुडघा आणि पाऊल उघडे पडले आणि एकीची चूकही लपेनाशी झाली. समूहाच्या कामाचा कस वाढवणारा हा निर्णय मला संपूर्ण निर्मितीतला सर्वांत मोलाचा वाटतो.

पुनर्रचना हा आणखी एक प्रकार याच गोंधळात ओढला जातो. अलेक्सेई रात्मान्स्की यांनी २०१६ मध्ये झुरिकमध्ये जुन्या नोंदी वाचून ‘स्वान लेक’ उभा केला. त्यातले पाय आजच्या सवयीपेक्षा खाली राहतात, गती वाढलेली असते, मूकाभिनय परततो, आणि ओडिल काळ्या पोशाखात नसते. अनेकांना हे सारे नवे वाटते. प्रत्यक्षात ते सर्वांत जुने आहे.

कार्यक्रमपत्रिकेत ‘पेतिपा आणि इव्हानोव्ह यांच्यानुसार’ अशी ओळ असेल तर आपण निर्मिती पाहत आहोत. नृत्यरचनेपुढे एकच आधुनिक नाव असेल तर बहुधा नवा बॅले. स्कार्लेट यांच्या बाबतीत ती ओळ वाचल्यावर नजर चौथ्या अंकासाठी राखून ठेवावी. तिथे इव्हानोव्ह मदतीला नाहीत. रांगा, त्यांचे विखुरणे, ओडेटभोवतीचे एकवटणे हे सगळे एका एकविसाव्या शतकातल्या नृत्यरचनाकाराला स्वतः बांधायचे आहे, आणि तेही असे की दुसऱ्या अंकाच्या शेजारी ते परके वाटू नये. माझ्या मते त्यांनी समूहाला इव्हानोव्ह यांच्याच भाषेत बोलायला लावले हे योग्य केले, आणि त्या निर्मितीवरचा खरा वाद याच अंकावर व्हायला हवा होता. तो पोशाखांवर आणि नेपथ्यावर खर्ची पडला.