नवरात्रातली पोटदुखी आणि पॉर्फिरिया

नवरात्रात बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कडक उपवास धरणारे बरेच असतात. पहाटे दुर्गामाता दौड, मग दिवसभर नुसतं पाणी. बहुतेकांना काही होत नाही. पण एखादीच्या पोटात अशी कळ उठते की ती गडाबडा लोळते. पोट दाबून पाहावं तर मऊ, सोनोग्राफीतही काही सापडत नाही. पुढे हातपाय लुळे पडतात, ती असंबद्ध बोलू लागते आणि घरचे 'बाहेरचं' बघणाऱ्याकडे धावतात. तिथे गेलेला प्रत्येक दिवस नसांना महागात पडतो, कारण हा 'अक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया' असू शकतो. हा आजार दुर्मीळ आणि आनुवंशिक आहे. तो बहुधा विशी-तिशीत डोकं वर काढतो, बायकांत जास्त.

रक्ताला लाल रंग देणारं हीम शरीरात आठ टप्प्यांत बनतं. बरंचसं अस्थिमज्जेत, पण यकृतालाही औषधांचं विघटन करणाऱ्या सायटोक्रोम एन्झाइमांसाठी ते लागतं. या रुग्णांत तिसऱ्या टप्प्याचं एन्झाइम जन्मतः निम्मंच असतं; एरवी तेवढ्यावर भागतं. यकृतात किती हीम बनवायचं हे पहिल्या टप्प्याचं एन्झाइम, एएलए सिंथेस, ठरवतं. तयार हीम त्याला आवर घालतं. पोटात अन्न नसलं की यकृतात पीजीसी-१ अल्फा हे प्रथिन वाढतं आणि सिंथेसचं उत्पादन वाढवतं. आधीचे टप्पे भरधाव, तिसरा तुंबलेला. मध्ये एएलए आणि पॉर्फोबिलिनोजेन ही हीमची अर्धवट बनलेली द्रव्यं साठतात. एएलए मज्जातंतूंना घातक. आतड्यांच्या नसा बिघडतात म्हणून कळ आणि बद्धकोष्ठ. झटके आले म्हणून फेनोबार्बिटोन किंवा फेनिटोइन दिलं, तर यकृत आणखी सायटोक्रोम बनवू लागतं, त्यात हीम खर्ची पडतं, सिंथेसवरचा आवर सुटतो आणि दुखणं चिघळतं.

साबुदाणा, वरी, रताळं खाऊन केलेल्या उपवासात पिष्ट भरपूर असतं. भीती निरंकार उपवासाची. पिष्ट पूर्ण बंद करायला सांगणाऱ्या डाएटचीही तितकीच.

निदान लघवीतून होतं. ताजी लघवी साधी पिवळी दिसते, उजेडात काही तास ठेवली की कोकमाच्या आगळासारखी गडद होते. पण रंगावर विसंबू नये. नमुना काळ्या कागदात गुंडाळून पॉर्फोबिलिनोजेनच्या तपासणीला पाठवायचा, तोही कळ चालू असतानाच. उपचारांत शिरेतून ग्लुकोज, आणि दुखणं तीव्र असेल तर हीमिन, म्हणजे शिरेतून दिलेलं तयार हीम. वारंवार त्रास होणाऱ्यांसाठी सिंथेस बनवण्याचा जनुकाचा संदेशच तोडणारं गिव्होसिरान हे औषध आहे, त्याला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत आणि मुलांत हा जनुकदोष असण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून त्यांचीही जनुकीय तपासणी करून घ्यावी. दोष असणाऱ्या बहुतेकांना आयुष्यभर कळ येतही नाही, पण कोणती औषधं टाळायची ते आधीच ठाऊक असतं.